ठाणे-नवी मुंबईत पत्ता शोधायचा कसा: स्टेशनपासून दारापर्यंत

ठाण्यात माणूस नावांमध्ये हरवतो आणि नवी मुंबईत आकड्यांमध्ये. ठाण्याच्या पत्त्यात तलाव, नाका, कंपनी, टॉकीज असं काहीही येतं. खाडी ओलांडली की सेक्टर, प्लॉट, टाइप, रूम नंबर सुरू होतात. एका शहरात चालणारी पद्धत दुसऱ्यात चालत नाही, आणि मोबाइलमधला नकाशा दोन्हीकडे शेवटच्या दोनशे मीटरवर हात वर करतो. मुलाखत असो, लग्न असो, दवाखाना असो की भाड्याची खोली बघायची असो, पहिल्यांदाच येत असाल तर निघण्याआधी दहा मिनिटं बसा आणि पत्त्याची नीट फोड करून घ्या. रस्त्यात उभं राहून हे काम होत नाही.

नवी मुंबईचा पत्ता उलटा वाचा

समजा पत्ता असा आहे: फ्लॅट ३०२, बी विंग, अमुक सोसायटी, प्लॉट १४, सेक्टर १९, नेरूळ. आपण सवयीने सोसायटीचं नाव नकाशात टाकतो. ते करू नका. शेवटून सुरुवात करा. आधी नेरूळ, मग सेक्टर १९, मग प्लॉट १४, आणि सोसायटीचं नाव सगळ्यात शेवटी. ‘साई’, ‘शिव’ किंवा ‘कृष्ण’ने सुरू होणाऱ्या सोसायट्या एकेका नोडात (वाशी, नेरूळसारख्या भागात) ढिगाने सापडतील, त्या नावावर विसंबून निघालात तर नकाशा तुम्हाला खुशाल भलत्याच दारात नेऊन उभं करेल.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि तिने हे शहर १४ नोडांमध्ये आखलं. प्रत्येक नोड म्हणजे आपापला बाजार, शाळा, मैदान असलेलं छोटं गावच. म्हणून सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडात पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १७ वाशीलाही आहे, नेरूळलाही आणि खारघरलाही. फोनवर कोणी नुसतं ‘सेक्टर सतराला ये’ म्हणालं तर लगेच विचारा: कुठल्या? वाशीत वाढलेल्या माणसाला जगात दुसरं सेक्टर १७ आहे हे पटतच नाही, म्हणून हे विचारण्याची जबाबदारी तुमची.

सेक्टरच्या आकड्यामागचं अक्षरही सोडू नका. सेक्टर १९ आणि सेक्टर १९ए, सेक्टर ३० आणि ३०ए ही वेगळी ठिकाणं आहेत. शिवाय आकडे रस्त्याने ओळीत येतील अशी आशा धरू नका. सोळाच्या शेजारी सतरा बहुधा असतो, पण दहाच्या समोर अठ्ठावीस निघाला तरी दचकू नये. चौकातल्या पाट्यांवर सेक्टरचे बाण असतात, त्यांच्यावर चालावं.

सिडकोने स्वतः बांधलेल्या जुन्या वसाहतींचं प्रकरण आणखी निराळं. तिथे इमारतीला नावाऐवजी ‘टाइप’ असतो: वाशीत जेएन-१, जेएन-२, नेरूळला एनएल टाइप, कोपरखैरणेत एसएस टाइपच्या रूम. इथे टाइप आणि रूम नंबर हाच खरा पत्ता. एकाच सेक्टरात दोन टाइप असतात आणि दोन्हींत रूम नंबर ४१२ असू शकतो. काही वसाहतींना लोकांच्या तोंडी बसलेली नावं आहेत: खारघरला स्पॅगेटी, घरकुल, वास्तुविहार, घणसोलीला सिम्प्लेक्स, घरोंदा. रिक्षावाल्याला सेक्टरपेक्षा हीच नावं लवकर कळतात.

आणि गावठाण. शहर येण्याआधीपासून इथे आगरी-कोळी गावं आहेत: वाशीगाव, जुहूगाव, तुर्भे, सानपाडा, दारावे, करावे, घणसोली, तळवली, गोठीवली. सेक्टरांच्या मधोमध ही गावं अजून तशीच दाट आहेत, आणि तिथे प्लॉट नंबरचा हिशेब संपतो. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथला पत्ता म्हणजे घरमालकाचं नाव आणि जवळचं देऊळ, शाळा किंवा तळं. गावठाणात खोली बघायला जाणार असाल तर मालकाचं पूर्ण नाव घेतल्याशिवाय निघू नका. नुसतं ‘पाटलांची चाळ’ सांगितलंत तर ‘कुठल्या पाटलांची?’ हाच प्रश्न परत येईल.

सरकारी कामासाठी येणाऱ्यांनी हद्दही बघावी. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही २०१६ साली झालेल्या पनवेल महानगरपालिकेत. बोलताना सगळे ‘नवी मुंबई’च म्हणतात, पण खारघरच्या घरपट्टीचं काम घेऊन बेलापूरच्या मुख्यालयात गेलात तर तिथून परत पाठवतील.

ठाण्याचा पत्ता नाक्यावरून लावा

‘ठाणे पश्चिम’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. पूर्व म्हणजे जवळपास सगळं कोपरी. बाकी नौपाड्यापासून घोडबंदर रोडच्या टोकापर्यंत अख्खं शहर पश्चिमेत मोडतं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवरची गोखले रोडची इमारतही पश्चिम आणि तिथून तासभर ट्रॅफिकमध्ये काढावा लागेल ते कासारवडवलीही पश्चिम.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: कुठला नाका? पूर्व द्रुतगती महामार्गाने मुंबईकडून आलात तर ओळ अशी लागते: तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा. माजिवड्याला महामार्ग नाशिककडे निघून जातो आणि कापूरबावडीवरून घोडबंदर रोड सुरू होतो. त्यावर मग मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, गायमुख. या दोन माळा पाठ झाल्या की ठाण्याचा बराचसा भाग डोक्यात बसतो. वर्तकनगर, उपवन, पोखरण रोड हे सगळं कॅडबरी-माजिवड्याच्या पट्ट्यातून डोंगराकडे आत वळून. जुन्या शहरात स्टेशनजवळ तलावपाळी, जांभळी नाका, टेंभी नाका, कोर्ट नाका. तलावपाळी म्हणजेच मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन त्याच्या काठावर.

कॅडबरीला चॉकलेट आणि नितीन कंपनीला कंपनीचं गेट शोधत बसू नका. ही आता चौकांची नावं आहेत.

सारख्या नावांची यादी जवळ असू द्या, कारण सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. आनंदनगर दोन: एक मुलुंडच्या हद्दीवर कोपरीकडचं, दुसरं घोडबंदर रोडवरचं, आणि दोन्ही ठाण्यातच. कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. पण वाशीच्या सेक्टर २६ जवळ कोपरीगावही आहे, डोंबिवलीशेजारी कोपर स्टेशन आहे आणि ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर कोपरखैरणे. दिवा म्हटलं की लोक मुंब्र्यापुढचं जंक्शन धरतात, पण ऐरोलीतही दिवा गाव आहे. जुहू फक्त समुद्रकिनाऱ्याचं नाही, वाशीत जुहूगाव आहे. बाहेरगावाहून रेल्वेचं आरक्षण करताना ‘बेलापूर’ असं टाकाल तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूरचं स्टेशन पुढे येतं. सीबीडी बेलापूर ते नव्हे.

शंका आली तर पिनकोड बघा. ४००६०२ नौपाडा, ४००६०३ कोपरी, ४००६०४ वागळे इस्टेट, ४००६०५ कळवा. पत्ता सांगणारा गडबडला तरी पिनकोड सहसा बरोबर असतो, कारण तो वीजबिलावरून उतरवलेला असतो.

गाडी कुठली धरायची

ठाणे स्टेशनवर १ नंबरचा प्लॅटफॉर्म पश्चिमेला आणि १० नंबरचा पूर्वेला. नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर गाड्या ९ आणि १० वरून सुटतात, म्हणजे पश्चिमेकडून आलात तर पूल चढून सगळे प्लॅटफॉर्म ओलांडायचे. हातात पाच-सात मिनिटं ठेवा.

खरी मेख तुर्भ्याला आहे. ठाण्याहून निघालेली गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत एकाच वाटेने जाते. त्यानंतर रूळ फुटतात. ‘वाशी’ लिहिलेली गाडी सानपाड्यावरून वाशीला जाते. ‘नेरूळ’ किंवा ‘पनवेल’ लिहिलेली गाडी जुईनगरकडे वळते. ती सानपाड्याला आणि वाशीला जातच नाही. तुर्भ्याच्या अलीकडे उतरायचं असेल तर कुठलीही धरा. वाशीला जायचं आणि चुकून पनवेल गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून मागची वाशी गाडी घ्या. तुर्भेही हुकलं तर जुईनगरला उतरा. ते हार्बर लाइनवरही आहे, तिथून सीएसएमटीकडे जाणारी गाडी सानपाडा, वाशी करत जाते.

मुख्य मार्गावरच्या इंडिकेटरवर ठिकाणांची अक्षरं असतात: ‘टी’ ठाणे, ‘के’ कल्याण, ‘ए’ अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा. यांत डोकं फिरवणारी दोन म्हणजे ‘एन’ आणि ‘एस’: ‘एन’ कसारा, ‘एस’ कर्जत. आणि वेगाच्या रकान्यात ‘एस’ आला तर तो स्लो. म्हणजे पहिलं अक्षर ठिकाणाचं, नंतरचं वेगाचं. ठाण्यापर्यंतच जायचं असेल तर फार विचार करू नका. कल्याणच्या दिशेची फास्ट गाडीही ठाण्याला थांबते.

काही नोडांना त्यांच्या नावाचं सोयीचं स्टेशन नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. कामोठ्याला जायचं तर मानसरोवर किंवा खांदेश्वर. उलव्याला जायचं तर उरण मार्गावरचं बामणडोंगरी किंवा खारकोपर. महापेला जायचं तर कोपरखैरणे किंवा घणसोली, पुढे रिक्षा. नवीन पनवेल स्टेशनच्या पूर्वेला, जुनं पनवेल पश्चिमेला. खारघरचं स्टेशन सेक्टरांपासून लांब पडतं; आतल्या सेक्टरांसाठी बेलापूरहून मेट्रो बरी. १७ नोव्हेंबर २०२३ पासून ती पेंधरपर्यंत धावते आणि उत्सव चौक, सेंट्रल पार्क अशी स्टेशनं थेट खारघरच्या पोटात आहेत.

स्टेशनच्या कुठल्या बाजूने बाहेर पडायचं

चुकीच्या बाजूने उतरलात तर रिक्षाचे पैसे दुप्पट होतात, म्हणून हे गाडीतच ठरवा. ऐरोली ते तुर्भे या पट्ट्यात हिशेब सरळ आहे: रुळांच्या खाडीकडच्या बाजूला राहत्या वस्तीचे सेक्टर, डोंगराकडच्या बाजूला एमआयडीसी. ऑफिसचा पत्ता ‘टीटीसी इंडस्ट्रियल एरिया’ असेल तर डोंगराची बाजू. तिथे सेक्टर विसरा, इंग्रजी अक्षर आणि आकडा असा प्लॉट नंबर बघा. पण एमआयडीसीतले प्लॉट अफाट मोठे असतात. प्लॉट सापडल्यावर गेट सापडायला आणखी दहा मिनिटं लागतात, म्हणून कुठल्या रस्त्यावरचं गेट हे सकाळीच फोन करून विचारून ठेवा.

डोंगर आणि खाडी हे नवी मुंबईतले सर्वांत भरवशाचे दिशादर्शक. दिघ्यापासून नेरूळपर्यंत पारसिकचा डोंगर पूर्वेला, खाडी पश्चिमेला. बेलापूरनंतर हा नियम मोडतो, कारण रूळच पूर्वेकडे वळतात आणि खारघरचा डोंगर उत्तरेला येतो. ठाण्यात उलट: येऊरचा डोंगर पश्चिमेला, खाडी पूर्वेला. घोडबंदर रोडने बाहेर निघालात तर डोंगर डाव्या हाताला राहिला पाहिजे. उजव्या हाताला दिसू लागला तर तुम्ही परत ठाण्याकडे चालला आहात.

वाशी स्टेशन सेक्टर ३० मध्ये आहे, आणि सेक्टर ९, १०, १७ हा जुना बाजारभाग सायन-पनवेल महामार्गाच्या पलीकडे. नकाशात दोन बोटांचं अंतर दिसतं, पण मध्ये महामार्ग आहे. सामान असेल तर रिक्षाच करा.

ठाणे पश्चिमेला बाहेर आलात की सॅटिस पूल लागतो. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या, बस वरच्या मजल्यावरून सुटतात, रिक्षा खाली. बस पकडायची असेल तर स्टेशनच्या पुलावरून थेट वर जा. आधी खाली उतरून मग पुन्हा जिने चढण्यात अर्थ नाही. शेअर रिक्षाच्या रांगा ठिकाणानुसार वेगळ्या असतात. रांगेच्या शेवटी उभं राहण्याआधी पुढच्या माणसाला ‘ही रांग कुठली?’ विचारा.

स्वतःची गाडी असेल तर

पूल. सगळा घोळ पुलांचा. नकाशातल्या निळ्या ठिपक्याला तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे धड कळत नाही, आणि ठाण्यात महामार्गाचे पूल, खाली सर्व्हिस रोड, वर मेट्रोचं काम अशी माळ्यावर माळा रचना आहे. नाक्यावर वळायचं असेल तर पूल चढायचा नाही, ही एक गोष्ट पक्की धरा. तीन हात नाका किंवा कॅडबरीला उतरायचं असलेल्यांनी बरंच आधी डावी लेन धरून सर्व्हिस रोडला यावं. माजिवड्याला चुकून नाशिकच्या लेनमध्ये राहिलात तर साकेत पूल ओलांडून खारेगावला निघाल, आणि संध्याकाळी तिथून परत यायला किती वेळ लागेल हे सांगायची सोय नाही.

ठाण्याहून नवी मुंबईला जाण्यासाठी कळवा-विटावा मार्ग किंवा मुलुंड-ऐरोली पूल. विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता पावसात तुंबतो. नकाशा तो रस्ता निळाशार दाखवत राहील. जोराच्या पावसात त्याचं ऐकू नका, ऐरोली पुलाने जा. पाम बीच रोडवर वळण हुकलं तर गाडी मागे घेण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन वळा. तिथे गाड्या फार वेगात असतात.

विचारायचं कुणाला आणि कसं

‘हा रस्ता सेक्टर आठला जातो ना?’ असं विचारलंत की समोरचा हो म्हणतो. नाही म्हणून एखाद्याला नाराज कशाला करायचं, हा आपला स्वभाव. म्हणून प्रश्न उघडा ठेवा: ‘दादा, सेक्टर आठला कसं जायचं?’ मग तो हात करतो, आणि हात कुठे होतो ते महत्त्वाचं. तोंडाने ‘लेफ्ट’ आणि हाताने उजवीकडे असं झालं तर हातावर विश्वास ठेवा.

सोसायटीचा वॉचमन स्वतःच्या गेटपलीकडचं बहुतेक सांगू शकत नाही. त्याची ड्यूटीच तशी असते. त्यापेक्षा इस्त्रीवाला गाठा. त्याच्याकडे प्रत्येक गठ्ठ्यावर विंग आणि फ्लॅट नंबर लिहिलेला असतो, आजूबाजूच्या चार सोसायट्या त्याला पाठ असतात. त्याच्याखालोखाल मेडिकलवाला, दूध टाकणारा, पाण्याचे जार पोहोचवणारा. गावठाणात ओट्यावर बसलेल्या मावशी किंवा काका. तिथे संवाद साधारण असा होतो:

‘मावशी, म्हात्रेंचं घर कुठं आलं?’

‘कुठले म्हात्रे? रेतीवाले का मास्तर?’

‘मास्तर.’

‘मंग त्या देवळाच्या मागं जा. निळा दरवाजा. आता घरी न्हाई त्यो, बाजारात गेलाय.’

एवढी माहिती कुठलंही ॲप देणार नाही. मात्र ‘इथंच आहे, पाच मिनिटं’ याचा अर्थ पंधरा मिनिटं धरा, आणि दोन वेगळ्या माणसांची उत्तरं जुळेपर्यंत फार लांब चालू नका.

फोनची तयारी

घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. लोकलचं वेळापत्रक एम-इंडिकेटरवर मिळतं. गाडी प्रत्यक्ष कुठे पोहोचली हे मध्य रेल्वेच्या यात्री ॲपवर. पत्त्याऐवजी यजमानाकडून लोकेशन मागवताना एक खबरदारी: त्यांनी ते त्या वेळी घरात बसून पाठवलं पाहिजे. ऑफिसातून अंदाजाने टाकलेली पिन मागच्या गल्लीत पडते, आणि मागच्या गल्लीतून सोसायटीला दार नसतं. व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांचं असतं. गर्दीत भेटायचं असेल तर एक तासाचं घ्या.

स्टेशनबाहेर निळा ठिपका तोंड कुठे हे चुकीचं दाखवतो. वीस पावलं सरळ चाला आणि ठिपका कुठे सरकतो बघा, मग वळा. आणि शेवटच्या टप्प्याचा पत्ता, घरमालकाचा नंबर, स्टेशनची बाजू हे एका चिठ्ठीवर लिहून खिशात असू द्या. बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

तुमच्याकडे कोणी येणार असेल तर त्यांना असा निरोप पाठवा: ‘ठाण्याहून ९ किंवा १० नंबरवरून वाशी, नेरूळ, पनवेल कुठलीही गाडी चालेल. कोपरखैरणेला उतर. सेक्टरच्या बाजूने बाहेर ये, एमआयडीसीच्या नाही. रिक्षावाल्याला “तीन टाकी” सांग, सोसायटीचं नाव सांगू नकोस. उतरलास की फोन कर. आमचं गेट मागच्या रस्त्याला आहे, मेडिकलच्या शेजारून आत. बी विंगची लिफ्ट बंद आहे, तिसरा मजला.’ परतीचंही त्यातच लिहा: रात्री शेअर रिक्षा कितीपर्यंत मिळते आणि ती न मिळाल्यास स्टेशनला चालत जायचा कुठला रस्ता उजेडाचा आहे.